दसऱ्याचं कुंकू आणि काळी स्क्रीन

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्र म्हणून कॉम्प्युटर पुजतात. घरात दुसरी हत्यारं म्हणाल तर विळी आणि आईची जीभ. विळीची पूजा होते, जिभेला कधी गरज पडली नाही.

कॉम्प्युटर बाबांचा. वय साधारण सतरा. टेबलाखाली उभी पेटी, जिला सगळं जग सीपीयू म्हणतं म्हणून आम्हीही म्हणतो, आणि वर एक सपाट स्क्रीन, जिच्या कोपऱ्यात बाबांनी गणपतीचा स्टिकर लावलाय. नवमीला बाबा सगळ्या वायरी काढतात आणि पेटी पुढूनमागून ओल्या फडक्याने पुसतात. फडक्यावर भांड्यांची पावडर असते, कारण बाबांच्या मते नुसत्या पाण्याने काहीच स्वच्छ होत नाही. दसऱ्याला पेटी चौरंगावर चढते, आई हळदकुंकू लावते, अक्षता आणि झेंडू वाहते. त्या दिवशी यंत्राला सुट्टी. एकादशीला सकाळी वायरी लावायच्या आणि कामाला लागायचं.

गेल्या वर्षी एकादशीला बाबांनी वायरी लावल्या, बटण दाबलं, आतला पंखा घरघरला, पुढचा हिरवा दिवा लागला. स्क्रीनवर क्षणभर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं तरंगली आणि मग सगळं काळं झालं. बाबांनी शांतपणे केबलवाल्याला फोन लावला आणि सिग्नल येत नाही अशी तक्रार नोंदवली. केबलवाल्याने अर्ध्या तासात येतो म्हणून सांगितलं, आणि तो खरोखरच अर्ध्या तासात आला. आमच्या वर्तकनगरात ही पहिलीच वेळ असावी. टीव्ही चालू होता, त्याने चहा घेतला आणि गेला.

आता या काळ्या स्क्रीनमागे काय अडकलं होतं ते सांगते, म्हणजे त्या पाच दिवसांत आमच्या घरी सुतक का होतं ते कळेल. बाबा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. अकरा वर्षं. आम्ही मूळचे डोंबिवलीचे, म्हणजे बाबांची नोकरी आणि माझं बालपण तिथलं. ठाण्याला येऊन बारा वर्षं झाली, पण बाबांचा दातांचा डॉक्टर डोंबिवलीचा, चष्मेवाला डोंबिवलीचा, चकलीची भाजणीही डोंबिवलीचीच. कुलवृत्तांत समितीही अर्थात डोंबिवलीची: सात निवृत्त गृहस्थ, आळीपाळीने एकेकाच्या घरी बैठक, प्रत्येक बैठकीला पोहे. मूळ पुरुष कोकणातून घाटावर गेला की घाटावरून कोकणात उतरला, यावर समितीत दोन तट पडले आणि चार वर्षं त्यातच गेली. तोवर पोहे करणाऱ्या बायकांच्याच हातांना घट्टे पडले, पण त्यांची नोंद कुठल्याही तटाने केली नाही.

पुस्तक कोजागिरीला छापखान्यात जायचं होतं. पुढे संमेलन, हॉल ठरलेला, वक्ते ठरलेले. आणि फाइल त्या पेटीत. दुसरी प्रत नाही. लोकांनी भरून पाठवलेले चारशेच्या वर फॉर्म बाबांनी गणपतीच्या आधीच रद्दीत घातले होते, कारण “आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.” मी त्यांना एक पेन ड्राइव्ह आणून दिला होता. तो त्यांनी देवघरातल्या चांदीच्या डबीत जपून ठेवला होता. उघडून बघितलं तर आत फक्त मुखपृष्ठ.

आणि त्या फाइलमध्ये कुठेतरी मी होते. असेन तर.

आठ वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून पुण्याहून परत आले. पुढे रीतसर कोर्टातून कागदही झाला. कुलवृत्तांताचा साचा समितीने ठरवलेला: पुरुषाचं नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, अपत्ये. मुली बापाच्या पानाच्या तळाशी, एकेका ओळीत. कन्या अमुक, सासर तमुक. दिली आणि संपली. दिलेली परत आली तर काय लिहायचं, याला साच्यात जागाच नव्हती. मी एकदाच विचारलं होतं, “बाबा, माझं काय लिहिताय?” ते म्हणाले, “तुझं बघतो मी.” नंतर ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. रोज संध्याकाळी चहाचा कप त्यांच्या टेबलावर ठेवायला जायचे तेव्हा ते पान खाली सरकवायचे, आणि पासवर्ड टाकताना दुसऱ्या हाताने कीबोर्ड झाकायचे. चारशे कुटुंबांची गोपनीय माहिती होती ना. मला खोदून विचारायची लाज वाटायची आणि न विचारण्याचा रागही यायचा. त्या काळ्या स्क्रीनसमोर उभी राहिले तेव्हा मला पुस्तक वाचवायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त ती एक ओळ बघायची होती.

पहिल्या दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. कुठलंतरी सरकारी खातं सांभाळून निवृत्त झालेले आहेत आणि लिफ्टपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. त्यांनी चष्मा वर करून पेटीकडे पाहिलं, हात लावला नाही. “हार्ड डिस्क उडाली,” ते म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि गेले आपले पाण्याच्या टाकीवर ओरडायला. ते गेल्यावर मी बाबांना सांगितलं, की हार्ड डिस्क उडाली तरी स्क्रीनवर काहीतरी अक्षरं येतात, निदान शिव्या तरी येतात. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. तिथली यंत्रं रोज बंद पडतात, त्यामुळे आधी सोपं तपासायचं एवढी अक्कल मला आहे. स्क्रीनच्या वायरीची दोन्ही टोकं दाबून घट्ट केली. शेजारून दुसरी वायर मागून आणली, ती बाबांनी पहिलीच्या जागी लावली. स्क्रीन माझ्या लॅपटॉपला जोडली, तर ठणठणीत. म्हणजे दोष पेटीत.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. आईने बाजूला उभं राहून विचारलं, “मुहूर्त बघितलास का?” आत अक्षता होत्या. इकडेतिकडे सांडलेल्या दोनचार नव्हेत, चांगल्या मूठभर, त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि पंख्यावर गुलाबीसर धूळ. सतरा वर्षांचं पुण्य साठलं होतं. सगळं झाडून काढलं. रॅमची पट्टी उपसून तिच्या पिवळ्या दातांना खोडरबर घासलं आणि परत दाबून बसवली. बटणाएवढी बॅटरी असते ती बदलली. बाबांनी वायरी लावल्या. वायरी लावायचा मान त्यांचा; ते कुणाला लावू देत नाहीत. पंखा घरघरला, दिवा लागला, स्क्रीन काळी.

“तू उघडायलाच नको होतंस,” बाबा म्हणाले.

“आधीही बंदच होता, बाबा.”

“आधी निदान उघडला नव्हता.”

आमच्या घराण्यात अशी वाक्यं बोलण्याची मोठी परंपरा आहे, कुलवृत्तांतात त्यावर एक प्रकरण हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पेटी डोंबिवलीला न्यायची ठरवली. ठाण्यात दुरुस्तीवाले पायलीला पन्नास, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दोन आहेत. पण बाबांचा विश्वास डोंबिवलीच्या आपल्या माणसावर. त्यानेच दोन महिन्यांपूर्वी, श्रावणात, घरी येऊन काहीतरी आत बसवलं होतं आणि मशीन पुन्हा चालू केलं होतं. टॅक्सी केली. पेटी मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवली, बाबांनी तिला सीटबेल्ट लावला आणि ड्रायव्हरला सांगितलं, “सावकाश, आत म्हातारे लोक आहेत.” त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. शीळफाट्याला आम्ही सव्वा तास एका जागी उभे होतो. दर पाच मिनिटांनी घरून बाबांचा फोन: “हादरे बसत नाहीत ना?” हादरे बसायला गाडी हलावी लागते, हे त्यांना चौथ्या फोनवर पटलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर, समोर उघड्या मशीनचा ढीग. त्याने पेटी टेबलावर घेतली, आपली वायर लावली, बटण दाबलं, आणि स्क्रीन लख्ख उजळली. निळं पान, मध्ये बाबांचं नाव, खाली पासवर्डची पांढरी पट्टी.

“ताई, हा तर एकदम मस्त चालू आहे,” तो म्हणाला. “तुम्ही उगाच आलात. काय प्रॉब्लेम आहे?”

मला रडावं की हसावं कळेना. मी त्याला म्हटलं, एवढं आलेच आहे तर फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दे. पण पासवर्ड हवा. बाबांना फोन केला.

“चालू झाला?” त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला.

“झाला. पासवर्ड सांगा, कॉपी करून घेते.”

मग म्हणाले, “ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? घरी घेऊन ये, मी टाकतो.”

“बाबा, दुकानात मीच आहे फक्त.”

“म्हणून तर,” ते म्हणाले, आणि मग घाईघाईने, “म्हणजे दुकानात माणसं येतात-जातात.”

ते ‘म्हणून तर’ मी चादरीत गुंडाळून पेटीबरोबर परत आणलं. शीळफाट्याला पुन्हा तास गेला. पेटी घरी आली, बाबांनी वायरी लावल्या, पंखा घरघरला, दिवा लागला, स्क्रीन काळी.

आता घरात सिद्धांतांना पूर आला. सेक्रेटरी म्हणाले डोंबिवलीची वीज वेगळ्या फीडरवरची, इकडची मशीनला मानवत नाही. बाबांना हे लगेच पटलं, कारण डोंबिवलीची कुठलीही गोष्ट ठाण्यापेक्षा बरी हे त्यांचं मूळ तत्त्व. आई म्हणाली, दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी चौथ्या दिवशी लॅबमधून येताना नवा वीजपुरवठ्याचा डबा आणला आणि बसवला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेणाऱ्यांत मीही होतेच. स्क्रीन काळी. कोजागिरी उद्यावर आली. छापखान्याचा फोन आला तेव्हा बाबा बाथरूममध्ये जाऊन बसले आणि आईला सांगायला लावलं, “घरी नाहीत.” अकरा वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या पणजोबांचा पत्ता शोधला, त्याला स्वतःच्या घरात नाहीसं व्हावं लागलं. मला त्यांची दया आली. राग होताच, पण दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्याने मी आईवर खेकसले.

कोजागिरीच्या सकाळी मी दुकानदाराला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, जो पाच दिवसांत आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

“ताई, वायर कुठल्या खाचेत लावलीय?”

“कुठल्या म्हणजे? मागे. निळ्या.”

“अहो मागे निळ्या दोन आहेत ना. वरची मूळची, ती कधीच मेलेली. श्रावणात मी खाली वेगळं कार्ड बसवलेलं, त्याची ती दुसरी. काकांचा घोळ होऊ नये म्हणून मार्करने लाल ठिपका पण केलेला मी. लाल ठिपका बघा, तिथे लावा, बास.”

मी फोन कानाला तसाच ठेवून टेबलाखाली शिरले आणि मोबाइलचा दिवा पेटीच्या पाठीवर टाकला. लाल ठिपका शोधायची गरज नव्हती. ठिपकेच ठिपके होते. माऊसच्या भोकाला लाल ठिपका, कीबोर्डच्या भोकाला लाल ठिपका, स्पीकरच्या तिन्ही भोकांना, दोन्ही निळ्या खाचांना, पंख्याच्या जाळीला सुद्धा. प्रत्येकाशेजारी हळदीचं बोट. मार्करचा खरा ठिपका नवमीला बाबांच्या भांड्यांच्या पावडरीने धुऊन काढला होता, आणि दसऱ्याला आईने सगळ्यांची समान सोय केली होती.

“आई, सगळ्यांना कशाला लावलंस गं कुंकू?”

“मग? एकाला लावायचं आणि बाकीच्यांना कोरडं ठेवायचं?” आई म्हणाली.

“आणि बाबा, दोन सारख्या खाचा दिसल्या, तर तुम्ही वरचीच का धरलीत?”

बाबांनी चष्मा पुसला. “ती मूळची आहे. मशीन आलं तेव्हापासूनची. खालची नंतर आलेली.”

मूळची ती खरी. सात निवृत्त गृहस्थ, अकरा वर्षं आणि पोह्यांच्या डोंगरातून निघालेलं तत्त्वज्ञान बाबांनी शेवटी वायरीला लावलं होतं. मी वायर काढून खालच्या खाचेत लावली. टेबलावर निळा उजेड पडला. आईने हात जोडले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कीबोर्ड झाकायच्या हाताने पुसलं, आणि मग त्याच हाताने कीबोर्ड झाकून पासवर्ड टाकला.

फाइल उघडली. सगळं जागेवर आहे ना हे बघायला ते पानं भराभर सरकवू लागले. मी टेबलाखालून निघाले आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. कोण्या सरदाराला लांबून पाहिलेल्या पूर्वजाला तीन पानं होती. बायको-मुलं टाकून पळालेला एक चुलत काका ‘वास्तव्य परदेशी’ होता. तीन धंदे बुडवलेला आतेभाऊ ‘उद्योजक’ होता. सगळ्यांसाठी साचा कसा लोण्यासारखा मऊ झाला होता. आमचं पान आलं तेव्हा बाबांचं बोट जोरात फिरलं.

“थांबा,” मी म्हटलं. “मागे घ्या.”

त्यांनी मागे घेतलं. पानाच्या तळाशी माझं नाव, शिक्षण, आणि पुढे एक वाक्य: ‘पुणे येथे सुखाने नांदत आहे.’

मी ते दोनदा वाचलं. आठ वर्षं मी या माणसाच्या बीपीच्या गोळ्या डबीत भरते. चार दिवस त्याच्या पुस्तकासाठी टेबलाखाली लोळत होते, केसांत अजून अक्षता होत्या. आणि हे सगळं मी पुण्याहून करत होते.

“समितीचं ठरलंय तसं,” बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले. “दुसरा रकानाच नाही त्यात. आणि लोक वाचणार. संमेलनाला तू येशील, तुलाच चारचौघांत विचारत बसतील. तुझ्यासाठीच केलं.”

मी टेबलाखाली वाकले, निळी वायर काढली आणि वरच्या खाचेत लावली. त्यांच्या त्या मूळच्या खाचेत. स्क्रीन काळी झाली.

“अगं! काय केलंस?”

“काही बिघडलेलं नाही. सगळं आत आहे, फक्त दिसत नाही. सवय आहे तुम्हाला,” मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कोजागिरीच्या दुधाचे बदाम सोलायला बसले. त्यांना वायर बदलता आली असती. कुठली खाच खरी हे आता त्यांनाही माहीत होतं. गुडघे दुखतात म्हणून वाकता येत नाही हा एक भाग, पण पाच दिवस ते वाकतच होते.

आई पातेल्यात डाव फिरवत होती. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलेलं त्यांना, पोरगी वाचेल. म्हणाले, ती कुठे वाचतेय.”

थोड्या वेळाने बाबा दारात आले. हातात समितीचा कोरा फॉर्म आणि पेन. घरातल्या कुणासाठी त्यांनी फॉर्म काढलेला मी पहिल्यांदाच बघत होते. ओट्याला टेकून उभे राहिले, घसा साफ केला आणि परक्याला विचारतात त्या आवाजात म्हणाले, “व्यवसाय?”

“लॅबमध्ये आहे, बाबा.”

“ते माहीत आहे. हुद्दा काय?”

“मुख्य तंत्रज्ञ. तीन वर्षं झाली.”

त्यांनी वर बघितलं. “मुख्य?” मग लिहिलं. “निवास?”

“तुम्ही सांगा.”

त्यांनी वर्तकनगर, ठाणे लिहिलं आणि शेजारी ‘वडिलांकडे’ असं लिहायला घेतलं. आई पातेल्यातून मान न काढता म्हणाली, “उलट लिहा. आईवडील हिच्याकडे असतात.” बाबांनी ‘वडिलां’ एवढं झालेलं खोडलं. मग पेन विवाहाच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

“इथे काय लिहू?”

“होता,” मी म्हटलं.

त्यांनी तेवढंच लिहिलं. मग मी उठले, हात पुसले आणि वायर खालच्या खाचेत लावली.

बाबा एका बोटाने टाइप करतात आणि एकाच बोटाने खोडतात. या वेळी त्यांनी कीबोर्ड झाकला नाही. विवाहापुढे ‘होता’ टाकलं, हुद्दा टाकला, आणि मग त्या शेवटच्या वाक्याच्या टोकाशी जाऊन मागे यायला लागले. ‘आहे’ गेलं. ‘नांदत’ गेलं. ‘सुखाने’पाशी बोट थांबलं.

“हे ठेवू का?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

माझा राग गेला नव्हता, अजूनही सगळा गेलेला नाही. आत दूध उतू जायला आलं होतं आणि आई आम्हाला हाका मारत होती.

“ठेवा,” मी म्हटलं. “गाव बदला.”